कपाळावरची राळ

“डोकं हललं होतं का तुमचं?” पंचबाईंनी वाकून विचारलं.

गोलरक्षक उताणी पडली होती. हँडबॉलच्या सात मीटरच्या पेनल्टीत मारलेला चेंडू तिच्या कपाळावर आदळून बाजूला उडाला होता आणि वर छताचे दिवे गरगर फिरत होते. नियम साधा होता. गोलरक्षकाचं डोकं जागच्या जागी असताना चेंडू त्यावर बसला, तर मारणारी थेट बाहेर. डोकं आपण होऊन चेंडूच्या आड गेलं असेल, तर मारणारीचा दोष नाही. एका पंचबाईंची नजर मारणारीच्या पायांवर होती, दुसऱ्या म्हणत होत्या, नक्की सांगता येत नाही.

म्हणून तिला विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारलंही नसतं. अख्खी लीग तिला ताई म्हणायची. मागच्या वर्षी पंचांनी नाकारलेला गोल, ‘चेंडू आत गेला होता हो,’ असं सांगून तिने स्वतःच्याच संघावर चढवून घेतला होता. त्याचं पदकही मिळालं होतं तिला.

“नाही,” ताई म्हणाली. “हललं नव्हतं.”

लाल कार्ड निघालं. समोरच्या संघाची डावखुरी पोरगी, लीगमधलं पहिलंच वर्ष, आ वासून बाहेर गेली. तेव्हा तिचा संघ दोन गोलांनी पुढे होता आणि दहा मिनिटं उरली होती. ती गेल्यावर त्यांना एकही गोल जमला नाही. हंगामाचा शेवटचा सामना ताईच्या संघाने एका गोलाने मारला.

आता ताई उपचाराच्या खोलीत बाकावर बसली होती. फिजिओबाईंनी आज वार कोणता, तारीख कोणती, स्कोअर किती असं सगळं विचारलं, बर्फाची पिशवी हातात दिली आणि “ठणठणीत आहात” म्हणून त्याही बाहेरच्या जल्लोषात सामील झाल्या.

“ताई, येऊ का?”

दारात डावखुरी उभी होती. ही भांडायला आली, असं ताईला वाटलं. भांडली असती तर फार बरं झालं असतं.

“लागलं का हो फार?”

“छे गं. काही नाही.”

“कपाळाला राळ चिकटलीय तुमच्या. पाण्याने नाही निघायची ती.” तिने खिशातून तेलाची छोटी बाटली आणि कापूस काढला. चेंडू एका हातात पक्का बसावा म्हणून या खेळात बोटांना राळ फासतात, आणि ती जिथे लागेल तिथून हलता हलत नाही. “बाहेर तुमच्या फोटोसाठी सगळे खोळंबलेत. असा डाग घेऊन जाणार का तुम्ही?”

ताईने नको म्हणायच्या आत ती दार लोटून समोर आली आणि पुसायलाही लागली. तिच्या खांद्यावरून ताईला भिंतीवरचा आरसा दिसत होता. पिवळट डाग. भुवयांच्या बरोब्बर मधोमध.

“एक सांगू?” पोरगी म्हणाली. “मी चेंडू तुमच्या उजव्या कानाशेजारून मारला होता. चांगलं वीतभर अंतर ठेवून. वर्षभर तिथेच मारतेय, एकदाही चुकलं नव्हतं.” तिचा कापूस थांबला. “आणि लागला बघा कुठे. म्हणजे माझा हातच फिरला.”

पोरीचा हात फिरला नव्हता. ताईचे हात वर जायला उशीर झाला होता, हल्ली होतोच, आणि हात पोचत नाहीत म्हटल्यावर डोकंच मध्ये गेलं होतं. त्यात काही लाजण्यासारखं नव्हतं. लाजण्यासारखं होतं ते त्यानंतरचं.

“कोचना सांगून टाकलंय, पुढच्या वर्षी सात मीटर दुसऱ्या कुणाला तरी द्या. कुणाचा डोळा गेला म्हणजे? माझा नाही आता विश्वास.” मग ती हसली, उगीचच. “मुली बोलत नाहीयेत माझ्याशी. बरोबरच आहे म्हणा.”

“अगं, ऐक,” ताई म्हणाली.

पोरगी ऐकायला थांबली. इतक्या जवळ की तिच्या पापण्या ओल्या आहेत हेही दिसत होतं.

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. “ताई! चला की! तुम्ही आल्याशिवाय कप उचलणार नाही म्हणतात सगळ्या!”

“आलेच,” ताई ओरडली.

बोलायची वेळ निघून गेली, असं तिने मनाशी म्हटलं. खरं म्हणजे वेळ कुठेही गेली नव्हती. खोलीत दोघीच होत्या आणि दार अजून बंद होतं.

“काय म्हणत होतात?”

“काही नाही. मनाला लावून घेऊ नकोस, एवढंच.” हे आपल्याच तोंडून बाहेर पडलेलं ऐकून ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुम्ही खरंच मोठ्या मनाच्या आहात.” पोरीने शेवटचा हात फिरवला आणि मागे सरून नीट निरखून पाहिलं. “झालं. आता काही दिसत नाही.”

ताई उठली, दारापर्यंत गेली. मागे नळ सुरू झाल्याचा आवाज आला म्हणून तिने वळून पाहिलं.

पोरगी बेसिनपाशी उभी राहून आपला डावा हात घासत होती. बोटं लाल झाली होती. त्यावरची राळ केव्हाच निघून गेली होती.