डिंकाचे लाडू

"खा. आनखी एक खा." सरजाबाईंनी डिंकाचा लाडू सुनेच्या ताटलीत ठेवला.

"आत्याबाई, आता न्हाई जायलाय."

"जातंय. मी बी खायलेय की तुज्यासंगं."

आणि त्यांनी खरंच एक लाडू स्वतःच्या तोंडात टाकला. सुनेला एकटीला खायला संकोच नको म्हणून त्या रोज तिच्या बरोबरीनं खात. साठी उलटलेल्या बाईनं इतकं तूप खावं का, हे विचारायची घरात कुणाची हिंमत नव्हती.

लाडवांचं कारण साधं होतं. शिवकन्येचं पोट वाढवायचं होतं.

मागच्या वर्षी कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढावा लागला. आजार गेला, औषधं संपली, केसही परत आले. पण आरशासमोर उभं राहिलं की तिला स्वतःकडे बघवत नसे. पस्तिशीच्या आतली बाई, पण खांदा पुढं काढून, पदर आवळून चालायची. हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की तिच्याच पोटावरची कातडी आणि चरबी घेऊन नवा स्तन करता येईल. अडचण एकच, शिवकन्येच्या अंगावर मांसच नव्हतं.

"एवढ्याशा पोटातून पुरेसं निघणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. "थोडं अंग भरू द्या, मग या."

शिवकन्या मान खाली घालून बसली होती. तिचा नवरा परमेश्वर स्वतःच्या चपला बघत होता. प्रश्न विचारले ते सरजाबाईंनीच.

"पोट सगळं फाडायचं का? पुन्हा वझं उचलता येतंय का?"

"येतं. पोटाच्या आतल्या रक्तवाहिन्या सोडवायला रोबो असतो. त्याचे बारीक हात मी चालवते. म्हणून आतला छेद लहान राहतो, स्नायू शाबूत राहतात. मग त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना जोडायच्या."

"आन् ह्याला लय वर्सं लोटली तर? मंग व्हतंय का?"

"होतं. घाई अजिबात नाही."

सरजाबाईंनी समाधानानं मान हलवली, आणि घरी पोचताच डिंक आणायला परमेश्वरला मानवतच्या बाजाराला पिटाळलं.

गावात मात्र भलतीच हवा उठली. शिवकन्येच्या पोटाला जरा गोलाई आली, तशी शेजारची पारूबाई चिंचा घेऊन हजर.

"कितवा म्हैना, सरजाबाई?"

"बघू, देवाच्या मनात काय हाय," सरजाबाई म्हणाल्या. चिंचा ठेवून घेतल्या आणि त्यांची चटणी केली.

"माय तुज्यासाठी लय करायलीय," परमेश्वर एकदा कौतुकानं म्हणाला.

माझ्यासाठी कुठलं, शिवकन्येच्या मनात आलं. लेकासाठी. लेकाच्या बायकोत उणं काही राहू नये म्हणून. तिला वाईट वाटलं. पण लाडू गोड होते, आणि ती खात राहिली.

कापसाची वेचणी सुरू झाली. पहिल्या वेचणीतला पांढराशुभ्र कापूस सरजाबाईंनी दरवर्षीसारखा बाजूला काढून आपल्या पेटीत ठेवला. देवाच्या वातींसाठी, असं त्या म्हणत. उरलेला मानवतला गेला, आणि दिवाळी झाल्यावर तिघं हैदराबादला गेली.

ऑपरेशन दिवसभर चाललं. परमेश्वरनं दोनदा चहा आणला, सरजाबाईंनी दोन्ही वेळा परत पाठवला. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हसतच. तेव्हा कुठं सरजाबाई बाकावर टेकल्या.

जखमा भरल्या. अंगावर पाणी घ्यायची परवानगी मिळाली, त्या सकाळी सरजाबाई स्वतः न्हाणीत पाणी घेऊन आल्या. बाळंतिणीला घालतात तशी त्यांना सुनेला अंघोळ घालायची होती. स्वतः सगळ्यांच्या आधी उठून, आतून कडी लावून न्हाणारी बाई. शिवकन्या लाजून अर्धी झाली, पण नाही म्हणवेना.

पाठीवर पाणी घालून झालं. सरजाबाई समोर आल्या आणि टक लावून बघत राहिल्या. मग तळहात अलगद तिच्या डाव्या छातीवर ठेवला.

"गरम हाय की गं."

"माजंच हाय ना, आत्याबाई." शिवकन्या हसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सरळ झाले होते. ती इतकी सुखात होती की मनातलं बोलून गेली, "तुमी लेकासाठी एवढं केलं, पर भलं माजं झालं."

"लेकाचा काय संबंद?"

सरजाबाई उठल्या. दाराची कडी लावली. सुनेकडं तोंड करून त्यांनी पदर खाली सोडला, झंपराची हुकं काढली, आणि उजव्या बाजूचा कापसाचा गोळा काढून शिवकन्येच्या ओल्या हातात ठेवला. कापूस यंदाचाच होता.

"डॉक्टरीणबाईला फोन लावून इचार," लाडवांनी भरलेल्या आपल्या पोटावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "म्हनावं, एवढं पुरंल का?"