ढब्बीची नातवंडं

रोगाच्या साथीत माझ्या भावाची सगळी डुकरं गेली, उरली एकटी ढब्बी डुकरीण. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या रक्तातच काहीतरी आहे. आमच्या संशोधन केंद्राला द्याल? हिची वीण वाढवू." भावाने दोर त्यांच्या हातात दिला आणि पोटासाठी ट्रक चालवायला लागला. मी त्याच केंद्रात डुकरांना खाणं घालते. ढब्बीची पिल्लं, मग त्यांची पिल्लं, चिवट तेवढी निवडत बाईंनी वाढवली आणि गेल्या आठवड्यात या नातवंडांना मुद्दाम त्याच रोगाची लागण केली. "आजारी डुक्कर आधी खाणं सोडतं," त्या म्हणाल्या. "आठवड्याने कळेल." आज बादली घेऊन मी शेडचं दार उघडलं. आत एकच गलका उठला आणि सगळी एकमेकांच्या अंगावर चढत खाण्याच्या डोणीवर तुटून पडली. बाईंनी एकेकाचा ताप मोजला, कुणालाच नव्हता. मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे पुसले. "आधी भावाला कळवा. त्यांचे फार उपकार झाले." मी फोन लावला आणि त्याने उचलताच तो डोणीजवळ धरला. मचमच, गुरगुर, ढकलाढकली. मग कानाला लावला. "ताई, कुणाची गं ही?" "आपल्या ढब्बीची नातवंडं. रोग पचवून जेवायला बसलीत." पलीकडे ट्रकचं इंजिन बंद झालं. "बाईंना नमस्कार सांग माझा," तो म्हणाला, "आणि फोन परत खाली धर. अजून ऐकायचंय."