हाडाला कोणती भाजी

चैतालीने शेवग्याची शेंग कडकन मोडली आणि समोरच्या पडद्यावर नायिकेचं बोट उलटं वळलं. काचेपलीकडून दिग्दर्शक सलिलचा आवाज आला, "बोट ओके."

मग तिने कोबीचं पान सावकाश फाडलं. नायिकेच्या पाठीची कातडी सुटली. भिजवलेला साबुदाणा मुठीत दाबला. आतलं काहीतरी बाहेर आलं. माणूस आतून कसा वाजतो हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून भाजीचा आवाज सगळ्यांना खरा वाटतो. चैतालीला या गोष्टीची भारी गंमत वाटे. कोथरूडच्या या स्टुडिओत नासिरभाईंच्या हाताखाली ती दोन वर्षं सिनेमांना असे आवाज पुरवत होती. मोडलेल्या शेंगा संध्याकाळी दोघांच्या घरी आमटीत जात.

सिनेमा एका नटीचा होता. काम मिळावं म्हणून ती दर ऑडिशनला सांगतील तसं अंग वळवते आणि शेवटी ते अंगच तिचं ऐकेनासं होतं. या भूमिकेसाठी चैतालीनेही ऑडिशन दिली होती. तिला ती भूमिका मनापासून हवी होती. वीस वर्षं नाचाच्या मागच्या रांगेत काढल्यावर ही बाई तिला पाठच होती. सलिलने पाच मिनिटांत निकाल लावला. "ताई, अभिनय छान आहे. पण तुमचं शरीर काही बोलत नाही." पुण्यात नकारसुद्धा असा व्यवस्थित मिळतो.

त्या पाच मिनिटांत चैताली दोनदा खोकली होती, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. एकदा खाली बसताना, एकदा उठताना. तिचा उजवा गुडघा वाजायचा. नटीचा गुडघा वाजतो हे एकदा चारचौघांत गेलं की मागची रांगसुद्धा हातची जाते, म्हणून गेली चार वर्षं ती बसता-उठता खोकत होती. नासिरभाई बिचारे तिला आल्याचा चहा पाजत.

आता पडद्यावर गुडघ्याची पाळी होती. नायिका जमिनीवरून उठते आणि तिचा गुडघा मागच्या बाजूला वळतो. मुळा झाला, ऊस झाला, ओल्या फडक्यात गुंडाळलेली खारी झाली.

"भाजी वाटतेय," सलिल दर वेळी म्हणत होता. सहाव्या खेपेला तो म्हणाला, "राहू द्या नासिरभाई. उद्या मुंबईहून माणूस बोलावतो. सगळेच आवाज नव्याने करू."

नासिरभाई खाली वाकले. ते मुळ्याचे तुकडे गोळा करू लागले. त्यांचा तो चेहरा चैतालीला बघवेना. शिवाय तिला एक जुनं कुतूहल होतं. आपला हा आवाज दुसऱ्याच्या कानाला नेमका कसा लागत असेल? चार वर्षांत तिने तो कुणाला ऐकूच दिला नव्हता.

तिने माइक खाली, गुडघ्यापाशी ओढला. "पुन्हा लावा," ती म्हणाली.

नायिकेबरोबर ती खाली बसली. नायिका उठू लागली तशी तीही उठली, तितकीच हळू, आणि या वेळी खोकली नाही.

आधी बारीक करकर झाली, मग आत खोल कुठेतरी कट्. नासिरभाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं.

काचेपलीकडे खुर्ची सरकली. मग सलिल धावतच आत आला. "हेच पाहिजे होतं मला. ही कोणती भाजी?"

"भाजी नाही. गुडघा आहे. माझा."

सलिलने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच नीट तिच्याकडे पाहिलं.

"ताई, तिच्या उठण्या-बसण्याचे अजून अकरा शॉट आहेत," तो चाचरत म्हणाला. "उद्या याल?"

चैतालीच्या गुडघ्यातून कळ येत होती आणि, खोटं कशाला बोला, आनंदही होत होता. तिने खुर्ची ओढली आणि पाय लांब करून ऐसपैस बसली.

"मुळा मंडईत रोज मिळतो," ती म्हणाली. "माझ्या मात्र तारखा घ्याव्या लागतील."