चिमणीचा बारावा डाव

"सर, उद्यापासून मी बुद्धिबळाला येणार नाही," चिमणीने सांगून टाकलं. आज ती सलग अकरावा डाव हरली होती. डोकं तल्लख, पण समोरच्याची चूक दिसली की हिला राहवायचं नाही. "अगं, वजीर तिथे नको, मरेल ना!" असं ती समोरच्यालाच सांगून टाकायची. मुलं तिला खुळी म्हणायची. मी म्हटलं, "बरं. जाण्याआधी एकदा टिल्लूला माझ्याविरुद्ध खेळव. हवं तेवढं बोल." सहा वर्षांचा टिल्लू अजून घोड्याची चालही विसरायचा. चिमणी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसली. "घाई नको रे. सरांचा उंट कुठे बघतोय?" ती मोठमोठ्याने कुजबुजत होती. "प्याद्याकडे!" टिल्लू ओरडला. तासाभराने त्याने हत्ती सरकवला आणि माझ्या राजाला पळायला घर उरलं नाही. "सर, जिंकलं कोण?" टिल्लूने विचारलं. "आपण!" चिमणी टुणकन उठली. "उद्या लवकर ये रे, उंटाची गंमत शिकवते."