चौथी कोरी बरणी

तिसरी बरणीही स्वच्छ निघाली, तशी ती खाली बसली.

चवळी टपोरी होती, एकाही दाण्याला भोक नव्हतं. एरवी अशी चवळी बघून कुणीही हरखलं असतं. तिने मात्र बरणी दूर सारली.

कडधान्याच्या गोदामाला लागून असलेल्या या खोलीत तिने नव्वद दिवसांपूर्वी चिनी मातीच्या बारा बरण्या भरल्या होत्या. प्रत्येकीत एक किलो चवळी आणि मोजून वीस जिवंत भुंगेरे. वर फडकं, फडक्याला रबर. आठ बरण्यांत कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याची पूड मिसळली होती. चार मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या. गणित सरळ होतं. पुडीच्या वाचायच्या, कोऱ्या किडायच्या. पुडीच्या आठही वाचल्या होत्या, पण आता तीन कोऱ्याही वाचल्या, म्हणजे पुडीचा काही गुणच नव्हता. भुंगेरेच मरतुकडे निघाले असणार. चौथी कोरी बरणी वरच्या फळीवर होती. ती उघडायचं बळ तिच्यात उरलं नाही.

"गोळ्यांची गाडी उद्या येईल," गोदामाचे व्यवस्थापक दारातून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "तुमच्या शब्दाखातर तीन महिने थांबलो, ताई. आता नवा माल यायला लागलाय. कीड काही माझ्यासाठी थांबायची नाही."

त्या गोळ्या पोत्यांत ठेवल्या की त्यांचा विषारी वायू होतो आणि कीड मरते. तिचा धाकटा भाऊ याच गोदामाचा पहारेकरी होता. एका दुपारी जेवून पोत्यांच्या आडोशाला आडवा झाला, तो उठलाच नाही. नव्या पहारेकऱ्याला शंभरदा सांगूनही त्याची वळकटी तिथेच पसरलेली असे. उद्यापासून पुन्हा त्याच गोळ्या, तोच आडोसा. तिला ते सोसवेना. ती गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली.

खोली झाडणाऱ्या मावशी केरसुणी टाकून धावत आल्या.

"अगं बाई, रडताय काय? एक दाणा किडला नाही की!"

"म्हणूनच रडतेय, मावशी. या कोऱ्या होत्या. यांत पूड नव्हती."

"होती की."

तिने डोकं वर केलं.

"मिक्सरच्या भांड्याला चिकटलेली पूड मी खरवडून ठेवली होती," मावशी म्हणाल्या. "वाया कशाला घालवायची? तुम्ही बरण्या भरल्या त्याच संध्याकाळी बघितलं तर या कोऱ्याच. म्हटलं, घाईत राहून गेलं असेल. पाठचा भाऊ गेलेला, चित्त कुठं ठिकाणावर असणार! थोडी थोडी घातली, हलवून फडकी होती तशी बांधली."

"चारही बरण्यांत?"

"तिघींतच. ती वरची राहिली. तिथं माझा हात पोचेना."

ती स्टुलावर चढली. तिने रबर ओढून काढलं. फडकं उचललं आणि आतून शेकडो भुंगेरे उसळले. चवळी अशी राहिलीच नव्हती. नुसती पोकळ टरफलं आणि पीठ. बरणी उराशी धरून ती खाली उतरली. एक भुंगेरा मनगटावरून दंडावर चढला, तिने झटकलाही नाही.

व्यवस्थापकांनी बरणीत डोकावून पाहिलं. मग त्या अकरा स्वच्छ बरण्यांकडे पाहिलं. त्यांनी फोन काढला आणि गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं.

मावशी मात्र पार ओशाळल्या होत्या.

"चुकलंच माझं, ताई. स्टूल मागायला हवं होतं मी. हिलाही दोन चिमटी घातली असती, तर एवढा नास झाला नसता बघा."

तिने बरणी खाली ठेवली आणि मावशींचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बरं झालं, मावशी, हे पोचले नाहीत."