रघुवीरची मुलगी

देवाशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरंय! दोन हजार सहा साली आमची नात ऋजुता मँचेस्टरच्या घरी आइसलँडच्या गुन्नार योनसनला घेऊन आली. लग्न करायचंय म्हणाली.

आमचे हे कुरकुरले, "नवऱ्याचं नाव लागलं की हिच्या नावातून आपला रघुवीर जाणार."

आमचा लेक रघुवीर जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं.

गुन्नार म्हणाला, "आजोबा, योनसन म्हणजे योनचा मुलगा. आमच्याकडे मुलगी लग्नानंतरही बापाचंच नाव लावते. ऋजुता कायम रघुवीरचीच मुलगी राहील."

तेवढ्यात माझ्या मिरचीच्या फोडणीनं ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "जावईबापू, जेवूनच जा."

बरं बाई, फोडणी तेवढी माझ्या पदरची. स्वयंपाकाला मी त्यानंतर उठले.