झिणझिणी

"दिवा लागत नाही, म्हणजे यंत्रात दोष नाही," असे रत्नाकरने पुन्हा एकदा सांगितले आणि विजेची परीक्षा घेण्याचा तो लहानसा दिवा न्हाणीघराच्या कट्ट्यावर ठेवला. आवाजात ठामपणापेक्षा घाई अधिक होती. त्याचे सासरे नरसिंहराव होसकोट्याहून बसने निघालेले होते. दुपारच्या आत येऊन ते त्याच्या बायकोला, प्रतिमेला, विश्रांतीसाठी माहेरी नेणार होते.

विश्रांती हा शब्द घरातील सर्वांनी मिळून निवडला होता. विलायतेहून आणलेले, कपडे धुऊन वाळवूनही देणारे ते यंत्र हाताला चावते, असे प्रतिमा म्हणे. आणि घरातील दोन्ही पुरुषांनी ते तपासले, तेव्हा त्यांना काहीच जाणवले नव्हते. वैद्यांनी नाडी पाहून मनाच्या दुर्बलतेचे निदान केले. अशा निदानाने माहेरी गेलेली सून पुन्हा केव्हा आणतात, हे मात्र कोणी विचारले नाही.

रत्नाकरचे वडील भीमाचार्य संध्या आटोपून खडावा वाजवीत आले. आशीर्वाद द्यावा तसा त्यांनी चालत्या यंत्राच्या पत्र्यावर तळहात ठेवला.

"पाहा बाळ, काही नाही. मी लटकं बोलेन का?"

"आपण नाही बोलणार, अण्णा," दाराशी उभी असलेली प्रतिमा म्हणाली. "पण मीही नाही."

रत्नाकरने यंत्र बंद केले, नुकताच घट्ट केलेला स्क्रू सैल केला आणि पुन्हा घट्ट केला. "कारखान्यात अख्खा विभाग माझ्या हाताखाली चालतो. तिथे कोणाला मुंग्या येत नाहीत."

"तिथे ओल्या फरशीवर उभं राहून कपडे कोण धुतं?"

त्याने घड्याळाकडे पाहिले.

रत्नाकरच्या आई अहल्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून हे सारे ऐकत होत्या. नुकतेच स्नान झाले होते. अंगावर सोवळ्याचे ओलेते होते आणि नैवेद्य व्हायचा होता. ज्यात सर्वांची नेसती-पांघरती वस्त्रे एकत्र फिरतात, त्या यंत्राला त्यांनी आजवर बोटही लावले नव्हते. त्यांची वस्त्रे त्या स्वतः पिळीत आणि उंच दांडीवर काठीने वाळत घालीत.

"रत्ना, स्वल्प बाजूला हो."

"अम्मा, तू सोवळ्यात आहेस!"

"ठाऊक आहे. पुन्हा न्हाईन. ते चालू कर."

"अहल्ये, नैवेद्य?" भीमाचार्यांनी विचारले.

"देव थांबतील. होसकोट्याची बस थांबायची नाही."

रत्नाकरने बटण दाबले. अहल्याबाई ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या, क्षणभर त्यांनी डोळे मिटले आणि यंत्राला हात लावला. तोच हात झटक्याने मागे आला. बांगड्या पत्र्यावर आपटल्या. अहल्याबाई कट्ट्यावर बसल्या.

"असंच ना?" त्यांनी सुनेला विचारले.

"असंच, आत्याबाई."

"आणि तू रोज हात लावीत होतीस?"

"कपडे काढायचे असत."

रत्नाकरची दृष्टी आईच्या पावलांवरून प्रतिमेच्या पावलांवर गेली. दोघी अनवाणी होत्या. मग त्याने वडिलांच्या लाकडी खडावा पाहिल्या आणि शेवटी स्वतःचे रबरी बूट. पायांत रबर असल्यावाचून विजेला शिवू नये, असे विलायतेतील शिक्षणात त्याला शिकविले होते. घरात चामडे चालत नसे म्हणून हे बूट त्याने मुद्दाम घेतले होते. त्याने ते काढले, ओल्या दगडावर उभा राहिला आणि बोटांची मागची बाजू पत्र्याला टेकविली.

तो दचकून मागे सरला. दिवा लागण्याइतकी वीज त्या पत्र्यात नव्हती. माणसाला कळण्याइतकी होती.

नंतरचे काम सोपे होते. यंत्राची तार भिंतीतून काढून त्याने मागचा पत्रा उघडला. हवा तापविणाऱ्या वेटोळ्याकडे जाणारी तार पत्र्याच्या भोकाशी घासून सोलवटली होती आणि तिथे कपड्यांचा ओलसर कापूस साचला होता. त्याने कापूस पुसला, तार नवी घातली, भोकात चिनी मातीचा मणी बसविला. भिंतीतल्या विजेच्या खोबणीला दोनच भोके असल्यामुळे त्याने स्वतःच पूर्वी दुमडून ठेवलेली, वीज जमिनीत नेणारी तिसरी, हिरवी तार नळाच्या लोखंडी नळीला बांधली. मग आतल्या कपड्यांसह यंत्र सुरू करून त्याने अनवाणी उभे राहून हात लावला. काही झाले नाही. पुन्हा लावला. तो कोणाकडेही पाहत नव्हता.

फाटक वाजले. नरसिंहराव घाम पुशीत आत आले.

"या राव, या," भीमाचार्य मोकळ्या स्वरात म्हणाले. "दोष सापडला. आता मुलीला नेण्याचं कारण उरलं नाही."

नरसिंहरावांना काही उमगले नाही. त्यांनी मुलीकडे पाहिले. प्रतिमेने वाकून त्यांना नमस्कार केला आणि भिंतीशी ठेवलेली पिशवी उचलली.

"आता कुठे?" रत्नाकरने विचारले.

"माहेरी." ती वडिलांकडे वळली. "आजारी म्हणून नव्हे हं, अप्पा. माहेरपणाला येतेय. मन भरलं की माझी मी परत येईन."

"जा," अहल्याबाई म्हणाल्या. "पण आधी दोघांनी जेवायचं. मी न्हाऊन पान वाढते." आणि त्या आडाकडे गेल्या.

"सरी, आत्याबाई, जेवूनच निघू." प्रतिमा वडिलांना घेऊन ओसरीकडे निघाली. जाता जाता तिने मागे न पाहता म्हटले, "कपडे झालेच असतील. काढून घ्या."

यंत्राचा आवाज मंदावला आणि थांबला.

"काढ तू," भीमाचार्य म्हणाले.

"हो," रत्नाकर म्हणाला. आणि दोघेही तसेच उभे राहिले.